कंदील आणि उघड्यावरचा माणूस

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे व्याख्यान आहे असे कळले म्हणजे मंडळी शिवकाल, पेशवाई किंवा स्वातंत्र्यलढा यांची अपेक्षा धरून येतात. मी मात्र कंदिलावर बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल त्यांच्यासाठी आधी एक दाखला देतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने १८४८ साली, आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात, मुलांपुढे व्याख्याने दिली ती साध्या मेणबत्तीवर. मेण वितळून वातीतून वर कसे चढते, ज्योतीच्या पोटात न जळलेली वाफ कशी असते, हवा कोंडली की ज्योत कशी गुदमरते, एवढ्याच गोष्टींवरून त्याने सारे रसायनशास्त्र उलगडून दाखविले. हा फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करता करता, बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. शाळा लवकर सोडून कामाला लागलेल्या माझ्यासारख्याला असा माणूस जवळचा वाटल्यास नवल नाही.

आता शब्दापासून सुरुवात करू. 'कंदील' हा आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत अरबीतून, आणि अरबीत तो मुळात 'कँडेला' या लॅटिन शब्दावरून पोचला. इंग्रजांचा 'कँडल' त्याच मुळाचा. म्हणजे आपला कंदील आणि साहेबाची मेणबत्ती ही सख्खी चुलत भावंडे ठरतात. १९४८ पासून सबंध जगाने प्रकाशाच्या तीव्रतेचे माप ठरविले त्याचेही नाव 'कँडेला'. मेणबत्तीत मेण आता बहुधा नसतेच, खनिज तेलातून निघणारे पॅराफिन असते. परंतु नाव टिकून आहे.

घरातल्या दिव्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. समई, निरांजन, लामणदिवा यांच्यावर कविता आहेत, संग्रहालये आहेत. हे सारे भिंतीच्या आतले दिवे. दाराबाहेर पाऊल टाकले की वारा त्यांना विझवतो. ज्याला भिंतच नाही, ज्याचे काम त्याला रात्री रानात, रुळावर, खाणीत किंवा नदीकाठी ठेवते, त्याने काय करायचे, हा प्रश्न कंदिलाने सोडविला. म्हणून कंदिलाचा इतिहास हा उघड्यावरच्या माणसाचा इतिहास आहे, असे मी समजतो. आणि त्यात विचारायचा प्रश्न एकच आहे. हा दिवा कोणाच्या हातात होता, आणि त्याच्या उजेडात काम कोणाचे होत होते?

आपला मानोरा तालुका या विषयाला मुळीच परका नाही. पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि रामनवमीला तिथे दूरदूरच्या तांड्यांतून माणसे येतात हे आपण दरवर्षी पाहतो. आज तांडा म्हणजे वस्ती. परंतु मूळचा तांडा चालता होता. लमाण बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत. लष्करांना रसद त्यांचीच असे. मुक्कामाला गोण्या एकावर एक रचून भिंतीसारखा आडोसा करीत आणि आत माणसे झोपत. त्या मुक्कामावर उजेड कसला? शेकोटीचा आणि मशालीचा. मशाल म्हणजे काठीला गुंडाळलेल्या चिंध्या आणि वरून सतत ओतायचे तेल. लष्कराच्या गोटात आणि सरदारांच्या पालखीपुढे हे काम करायला मशालजी आणि दिवटे असत. एका माणसाने दुसऱ्यासाठी हातात आग धरून चालायचे, आणि वाऱ्याने ठिणग्या आपल्याच अंगावर घ्यायच्या, अशी ती चाकरी. तेल आपल्याच रानातले, करडई, जवस, तीळ, एरंडी यांचे. ते तेल्याच्या घाण्यावर निघे, आणि पोटात घालायचे तेच तेल दिव्यातही जळे; म्हणून गरिबाच्या घरी दिवा लवकर मालवत.

युरोपात बाहेरचा दिवा म्हणून मेणबत्तीचा कंदील जुनाच होता. काच महाग, म्हणून शिंगाचे पातळ पापुद्रे काढून ते खिडकीसारखे बसवीत. आत चरबीची मेणबत्ती. तिला धूर फार, वासही फार. अशा मिणमिणत्या उजेडात खाणकामगार कोळसा खणत, आणि अनेक खाणींत मेणबत्त्यांचे व तेलाचे पैसे त्यांच्याच मजुरीतून कापले जात. खाणीत साचणारा वायू उघड्या ज्योतीने भडकतो. इंग्लंडात फेलिंग येथील खाणीत १८१२ च्या मे महिन्यात असा स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले मेली. त्यानंतर लोकांनी हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला गळ घातली. १८१५ मध्ये त्याने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसविलेला दिवा केला. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूला लागत नाही. या कामी त्याच्या हाताखाली मदतनीस कोण होता? तोच आपला मेणबत्तीवाला फॅरडे. डेव्हीने या दिव्याचे पेटंट घेतले नाही, हे त्याचे मोठेपण.

परंतु पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. दिवा सुरक्षित झाला तरी खाणीतले स्फोट पुढली कित्येक वर्षे कमी झाले नाहीत. पूर्वी जे थर धोक्याचे म्हणून सोडून दिले होते, तिथे आता मालक माणसे पाठवू लागले. डेव्हीचा दिवा आहे ना, मग जा की आत! दिव्याने जेवढा धोका कमी केला तेवढा नफ्याने परत वाढविला. यंत्र चांगले की वाईट, असा वाद घालणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

आता तेलाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जमिनीतल्या तेलापासून दिव्याचे तेल काढण्याची युक्ती दोनतीन देशांत जवळजवळ एकाच वेळी सापडली. त्यांतला एक प्रसंग मला फार आवडतो. ल्वीव शहरात इग्नाती लुकासिएविच नावाचा औषधविक्या होता. त्याने केलेला दिवा ३१ जुलै १८५३ रोजी तिथल्या इस्पितळात नेला आणि त्याच्या उजेडात रात्री एका रोग्यावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. रॉकेलच्या दिव्याचा सार्वजनिक जन्मच असा अडीअडचणीच्या वेळी झालेला आहे. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हानियात तेलाची विहीर लागली, आणि मग तेलाच्या डब्यांनी जग भरून गेले. आपल्याकडे आधी अमेरिकेचे तेल आले, मग रशियातील बाकूचे, मग ब्रह्मदेशाचे. १८९२ मध्ये तेलाची पहिली टाकीवाली बोट सुएझच्या कालव्यातून पूर्वेकडे आली, तेव्हापासून भाव आणखी उतरले. 'गॅसलाइट'चे आपण 'घासलेट' केले आणि 'रॉक ऑइल'चे 'रॉकेल'. तेल संपल्यावर डबा उरे. त्याची बादली झाली, धान्याची कोठी झाली, पत्रा ठोकून छप्पर झाले. तेल्याचा घाणा मात्र दिव्याच्या गिऱ्हाइकाला मुकला. ज्या गावात दिव्याचे तेल शेतातून येत होते, तिथे ते आता साता समुद्रापलीकडून येऊ लागले, आणि त्याचा भाव गावाबाहेर ठरू लागला.

तेल आले तरी वाऱ्याचा प्रश्न होताच. तो जॉन अर्विन नावाच्या अमेरिकन कारागिराने सोडविला. १८६८-६९ मध्ये एक आणि १८७४ मध्ये त्याहून चांगली, अशा दोन रचना त्याने काढल्या, आणि डिट्झ कंपनीने त्या देशोदेशी विकल्या. आपल्या ओळखीचा कंदील तो हाच. त्याच्या दोन बाजूंच्या नळ्या केवळ काच धरून ठेवण्यासाठी आहेत असे पुष्कळांना वाटते. तसे नव्हे. वरच्या टोपीखालून हवा या नळ्यांत शिरते, खाली ज्योतीपाशी येते, जळते, आणि गरम होऊन टोपीच्या मधल्या भोकातून निघून जाते. वारा कोणत्याही बाजूने आला तरी तो वळणावळणाने येतो, ज्योतीवर थेट झडप घालू शकत नाही. अर्विनच्या पहिल्या रचनेत जळलेली गरम हवाही थोडी पुन्हा आत येई. दुसरीत फक्त ताजी थंड हवा येते, म्हणून उजेड अधिक पांढरा आणि अधिक मोठा. रुंद वातीचा चांगला कंदील दहाएक मेणबत्त्यांएवढा उजेड देतो. आजच्या विजेच्या दिव्यापुढे हे काहीच नाही. पण पावसात, बैलगाडीखाली टांगलेला, रात्रभर न विझणारा उजेड माणसाला पहिल्यांदाच मिळत होता.

येथवरची गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, चला, गरिबाचा अंधार गेला. अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे ऐकायचे तर आपल्या कापसाच्या मुलखातच ऐकावे लागेल.

सूर्य हा मजुराचा फार जुना मित्र. तो मावळला की काम थांबे, आणि कोणत्याही मालकाला त्याच्याशी करार करता येत नसे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यातल्या मागण्या मी आमच्या प्रत्येक शिबिरात वाचून दाखवितो. रविवारची पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार असावा. यात सूर्यास्ताचा उल्लेख काव्यासाठी केलेला नाही. त्या माणसांच्या घरी घड्याळ नव्हते, पण सूर्य होता, आणि सूर्याची वेळ मालकाला मागेपुढे सरकवता येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सूर्य मावळल्यावरही काम चालू ठेवले तर काय होते, हे पुढच्याच वर्षी उघड झाले. मुंबईत फॅक्टरी कमिशन बसलेले होते. त्याच्यापुढे खानदेशातील एका जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरने साक्ष दिली. आठ महिन्यांच्या हंगामातले पाच महिने माणसे पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम करतात, आणि उरलेले तीन महिने दिवसरात्र, असे त्याने सांगितले. सरकी काढणाऱ्या यंत्रांवर बहुतेक बायाच असत. पहाटे पाचला आणि रात्री दहाला सूर्य नसतो. दिवा नसता तर हे सतरा तास शक्यच झाले नसते. कापसाचे तंतू हवेत तरंगत असताना दिव्याखाली काम करणे म्हणजे काय, हे जिनिंगमध्ये पाय ठेवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पुढे मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली. १९०५ च्या सुमारास दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला आणि कामगारांत मोठा असंतोष पेटला. मोठ्या पुरुषांच्या कामाला कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यायला १९११ साल उजाडावे लागले. लोखंड्यांना १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळविता आली. सूर्यास्त मात्र परत मिळाला नाही.

हे सांगताना मी दिव्याचा शत्रू आहे असा कोणी अर्थ घेऊ नये. तोच दिवा दुसऱ्या हातात काय करतो तेही पाहा. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी आपली शकुंतला सर्वांना आठवत असेल. अडीच फुटी रूळ, किलिक निक्सन या गोऱ्या कंपनीची मालकी, आणि बांधण्याचा हेतू आपला प्रवास नसून आपला कापूस. तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. अशा गाड्यांवर आणि एकूणच रेल्वेत गार्डाची हातबत्ती म्हणजे कंदिलाचीच एक जात. एकाच ज्योतीपुढे लाल, हिरवी काच फिरवायची. सिग्नलच्या खांबावरही रॉकेलचाच दिवा. संध्याकाळी माणूस शिडीने चढून तो ठेवी.

पण रेल्वेतला खरा कंदीलवाला म्हणजे पावसाळी गस्तीचा गँगमन. मुसळधार पावसात, सापकिरडूंतून, तो एकटा रुळावरून ठरलेल्या पल्ल्यापर्यंत चालत जातो. भराव खचलेला दिसला किंवा मोरीवरून पाणी जाताना दिसले, तर त्याने बत्ती लाल करायची आणि गाडी येण्याच्या दिशेला धावायचे. रुंद रुळावर नियम असा की सहाशे मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, आणि बाराशे मीटरवर दहादहा मीटरच्या अंतराने तीन. चाकाखाली फटाका वाजला की ड्रायव्हर ब्रेक लावतो. शेकडो माणसे डब्यात झोपलेली असतात. आपल्या उशाखालून कोण कंदील घेऊन धावले हे त्यांना कधी कळत नाही. गस्तवाल्याच्या हाती आता बॅटरीची बत्ती आली आहे. पाय त्याचेच आहेत.

परदेशी कंदील देशभर पसरला तेव्हा स्वदेशीच्या काळात आपल्याकडेही काही माणसांनी विचार केला. कंदिलातला पत्रा वाकविणे सोपे. अवघड काम काचेचे. ज्योतीने तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तरी ती तडकू नये, हे साधावे लागते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालविला, आणि तिथे कारागीर तयार झाले. पुढे १९१६ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्या गावाचे नावच ओगलेवाडी झाले. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गेला. आमच्या घरी होता तोही प्रभाकरच. त्याची काच राखेने पुसण्याचे काम माझ्याकडे असे, कारण हात लहान असल्यामुळे तो आत जाई. कारखाना पुढे बंद पडला. मालकांची चरित्रे आपल्याला वाचायला मिळतात. भट्टीपुढे उभे राहून फुंकणीने काच फुगविणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांचे काय झाले, ते कोणी लिहून ठेवले असेल तर मला वाचायचे आहे.

त्याच कऱ्हाडच्या मुलखात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. जिथे वीज तयार होत होती तिथेच धरणी हादरली, वीजगृह बंद पडले आणि दूर मुंबईतली यंत्रे थांबली. विजेचे जाळे जितके मोठे, तितका एका ठिकाणचा धक्का दूर जातो, हे तेव्हा सगळ्यांना कळले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हाही अंधार होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली, ती तर भूकंपाशिवायच. आणि आपण विदर्भातल्यांनी २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षे काढली आहेत. कोराडी, चंद्रपूर, पारस येथे वीज तयार व्हायची आणि आपली पोरे दहावीचा अभ्यास कंदिलावर करायची!

भूकंपाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पडलेल्या घरात काडी ओढण्यापूर्वी गॅसचा वास येतो का ते पाहिलेच पाहिजे. अशा वेळी पहिला उजेड बॅटरीचाच असावा. कंदील नंतर, मोकळ्यावर.

आता मी माझ्या रोजच्या कामाकडे येतो. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातले आणि शेजारच्या पुसद-दिग्रसकडचे तांडे ओस पडतात. माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, आणि पाच-सहा महिने फडाजवळच्या अड्ड्यावर कोपीत राहणे. शहरातली मंडळी हौसेने राहुटी ठोकून एक रात्र रानात काढतात, त्याला ते कॅम्पिंग म्हणतात. आमची माणसे सबंध हंगाम तेच करतात. त्याला कोणी नाव दिलेले नाही. कोपी उसाच्या पाचटाची. वाळलेले पाचट ठिणगीची वाटच पाहत असते. तोड पहाटे अंधारात सुरू होते, आणि गाडी आली की रात्री दोनला सुद्धा भराई करावी लागते. उसात बिबट्या असतो, साप असतो, आणि कोपीत लहान पोर एकटे झोपलेले असते.

या कोपीत पूर्वी कंदील असे. ज्याला कंदील परवडत नसे त्याच्याकडे औषधाच्या बाटलीची चिमणी असे. झाकणाला भोक, त्यात चिंधीची वात, भोवती काच नाही, बूड अरुंद. पोराचा पाय लागला की ती आडवी होते, तेल सांडते आणि त्यावरच ज्योत पडते. अशी जळालेली माणसे मी इस्पितळात पाहिली आहेत, आणि त्यांची कुठे नोंद झाली असेल तर ती घरगुती अपघात म्हणून. श्रीलंकेत हेच दुखणे होते. तिथले शल्यविशारद विजय गोडकुंबुरा यांनी भाजलेल्या रोग्यांवर उपचार करता करता कारण शोधले आणि नवी बाटली काढली. ती बुटकी, जाड काचेची, जड, दोन बाजूंनी सपाट, आणि झाकण आट्यांचे. पडली तर गडगडत नाही आणि तेल सांडत नाही. १९९८ मध्ये त्यांना या कामासाठी रोलेक्स पारितोषिक मिळाले. अशी साधी वस्तू आपल्या काचकारखान्यांच्या देशात आधीच निघायला हवी होती, असे मला वाटते.

आता रॉकेलच जवळपास नाहीसे झाले आहे. जुलै २०१६ पासून केंद्र सरकारने रेशनच्या रॉकेलचा भाव टप्प्याटप्प्याने लिटरमागे पंचवीस-पंचवीस पैशांनी चढवीत नेला, २०२० पर्यंत अनुदान संपले, आणि गॅसजोडणी असलेल्यांचा कोटा तर आधीच बंद झाला. याबद्दल मी नुसते रडगाणे गाणार नाही. रॉकेलच्या स्टोव्हच्या नावाखाली या देशात किती सुना जळाल्या हे आपल्याला माहीत आहे. धुराने बायांचे डोळे गेले. घरात गॅस आणि वीज आली हे चांगलेच झाले. माझी तक्रार वेगळी आहे. ही सारी मोजणी घराच्या पत्त्यावर झाली. ज्याचे घर मानोऱ्यात आणि कोपी कोल्हापुरात, त्याच्या घराला वीज मिळाली, तिथे तो नसतो. आणि जिथे तो असतो तिथे काहीच नाही. तो मोबाइलच्या उजेडात ऊस तोडतो, आणि मोबाइल चार्ज करायला दुकानदाराला पैसे देतो. दोनशे वर्षांपूर्वीचा खाणकामगार मेणबत्तीचे पैसे मजुरीतून देत होता, त्याहून हे निराळे कसे? १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचे सतरावे कलम सांगत असे की कारखान्यात जिथे माणसे काम करतात किंवा ये-जा करतात तिथे पुरेसा उजेड ठेवलाच पाहिजे. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत ते लागू होते. फाटकाबाहेर, त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्याला नव्हते.

येत्या हंगामाच्या बोलणीसाठी आम्ही मागण्यांचा कागद करतो आहोत. त्यात प्रत्येक कोयत्यामागे सूर्यशक्तीवर चालणारा एक दिवा आणि प्रत्येक अड्ड्यावर भराईच्या जागी उजेड, कारखान्याच्या खर्चाने, असे लिहिले आहे. त्याच्याच खाली, दिवस मावळल्यावरच्या भराईला वेगळा दर, हेही लिहिले आहे. पहिले कलम दुसऱ्यावाचून मान्य करायचे नाही, असे बायांनीच बैठकीत ठासून सांगितले. नुसता दिवा दिला तर रात्रभर भरायला लावतील, हे त्यांना लोखंड्यांचा अर्ज न वाचताच कळले होते.

ज्यांच्या माळ्यावर अजून कंदील आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो, कारण वीज जाणारच आहे. कंदील उतरवा. काच तडकलेली असेल तर तो वापरू नका. वात कोरडी आणि सरळ कापलेली असावी, तिचे दोन कोपरे किंचित उडवावेत, म्हणजे ज्योत शिंगासारखी वर जात नाही आणि काच काजळत नाही. टाकी काठोकाठ भरू नये. तेल तापले की फुगते. पेटत्या कंदिलात तेल कधीही घालू नये. रॉकेल बाजारातून मिळाले तर विश्वासू ठिकाणचेच घ्या. त्यात पेट्रोलचा अंश असेल तर कंदील हा बाँब होतो. शुद्ध रॉकेलची वाफ ३५ अंशांच्या खाली पेट घेत नाही अशी सरकारी कसोटी आहे, पण आपल्या वैशाखात सावलीतला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, म्हणून कॅन उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नये. बंद खोलीत किंवा राहुटीत कंदील लावून झोपू नये. हवा अपुरी पडली की जो वायू तयार होतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणूस झोपेतच जातो. मेणबत्ती लावायचीच तर रुंद भांड्यात वाळू घालून तीत उभी करावी, पडद्यापासून आणि अंथरुणापासून हातभर दूर. वापर नसेल तेव्हा टाकी रिकामी करून, वात वाळवून, काच जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवावी, आणि काडेपेटी त्याच्याच शेजारी, अंधारात हात लावला की सापडेल अशी.